नाव न फोडता मत कसं मोजतात

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या 200 फ्लॅटच्या सोसायटीत सेक्रेटरीबद्दल खरं मत काढायचंय. वार्षिक सभेत हात वर करायला सांगून काही कळणार नाही. पार्किंगचं वाटप त्याच्याकडे. हुकूमशाहीतल्या नागरी संघटनांचा अभ्यास करणाऱ्यांची अडचण हीच, फक्त तिथे पार्किंगऐवजी तुरुंग असतो.

यावरचा एक तोडगा म्हणजे यादी-प्रयोग. चिठ्ठ्या टाकून लोकांचे दोन गट करायचे. पहिल्याला चार साधी विधानं द्यायची; दुसऱ्याला तीच चार, वर पाचवं : ‘सेक्रेटरी बदलायला हवा.’ कोणती पटली ते सांगायचं नाही, किती पटली तेवढाच आकडा सांगायचा. पहिल्या गटाची सरासरी 2.1 आणि दुसऱ्याची 2.5 आली, तर 40 टक्क्यांना सेक्रेटरी नकोय. नेमकं कोणाला, हे विचारणाऱ्यालाही कळत नाही.

खरी गोम यादी रचण्यात आहे. चारही विधानं सर्वांना पटणारी असली, तर विरोधकाचं उत्तर ‘पाच’ येतं आणि तो उघडा पडतो. म्हणून सहसा एकाच माणसाला पटणार नाहीत अशी दोन मुद्दाम घालतात : ‘कुत्री पाळायला बंदी हवी’ आणि ‘कुत्र्यांना लिफ्टमधून नेऊ द्यावं’.

शिवाय माणसं भरपूर लागतात. उत्तरं सरासरीच्या आसपास साधारण एकाने इकडेतिकडे असतील, तर प्रत्येक गटात 1,000 जण घेऊनही चूक 9 टक्क्यांपर्यंत जाते. 100 घेतले तर 28. म्हणजे आपल्या सोसायटीतले 40 टक्के प्रत्यक्षात 12 असतील किंवा 68! बंदी असलेल्या संघटनेच्या बैठकीला जाणारे तर शंभरात दोन-तीनच. ते या चुकीतच बुडून जातात. त्यांच्यासाठी विश्वास कमावून, नावं न टिपता घेतलेल्या मुलाखतीच बऱ्या.

सत्ताधाऱ्याची लोकप्रियता तपासायला मात्र यादी चालते. 2015 मध्ये रशियात पुतिन यांना पाठिंबा आहे का, असं थेट विचारल्यावर 86 टक्क्यांहून कमी ‘हो’ आले नाहीत; स्टालिन, ब्रेझनेव्ह, येल्त्सिन या जुन्या नेत्यांच्या यादीत पुतिन घातल्यावर आकडा 80 च्या आसपास आला. फरक भीतीचाच, असं वाटेल. पण संशोधकांनी क्यूबाच्या फिडेल कास्त्रोंचं नावही असंच तपासलं. त्यांच्याबद्दल बोलायला रशियात कोण घाबरणार? तरी यादीत त्यांचाही पाठिंबा घटला. तेव्हा पुतिन यांच्या घसरणीत भीती किती आणि यादी लांबल्यामुळे आकडा कमी सांगितला गेल्याचा परिणाम किती, हे वेगळं काढता येत नाही.