स्पर्धावृत्ती

स्पर्धावृत्ती : इतरांशी तुलना होत असताना माणूस कसा वागतो आणि जिंकण्याला किती महत्त्व देतो, त्या कलाला मानसशास्त्रात स्पर्धावृत्ती म्हणतात. ती थोडीफार सगळ्यांत असते. फरक पडतो तो ‘जिंकलो’ असे कशाला म्हणायचे यात.

या विषयावरचा सर्वांत जुना प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतील नॉर्मन ट्रिप्लेट यांचा (१८९८). सायकलपटू एकट्यापेक्षा इतरांबरोबर असताना वेगाने जातात, हे नोंदींवरून त्यांच्या लक्षात आले होते. मग त्यांनी ४० मुलांना मासेमारीच्या गळाची फिरकी कधी एकट्याने, तर कधी जोडीदाराशी चुरशीने फिरवायला लावली. ‘स्पर्धेने वेग वाढतो’ एवढेच तात्पर्य पुढे सांगितले जाते, पण ते अपुरे आहे. वेग वाढला तो २० मुलांचा. १० जणांवर विशेष परिणाम झाला नाही आणि उरलेल्या १० मुलांची कामगिरी चुरशीत उलट बिघडली : चेहरा लाल, धाप लागलेली, हाताचे स्नायू ताठरलेले. स्वभावभेदाचा प्रश्न खरे तर तिथेच पुढे आला होता.

तो भेद नेमका पकडला तो सामाजिक मूल्यकलाच्या, म्हणजे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या वाट्याला माणूस किती महत्त्व देतो ते पाहणाऱ्या चाचणीने. तिचा पाया मानसशास्त्रज्ञ मेसिक व मॅक्लिंटॉक यांनी १९६८ मध्ये घातला. अनोळखी माणसाबरोबर गुण वाटून घ्यायचे असतात आणि पर्याय तीन : स्वतःला ४८० व समोरच्याला ४८०, स्वतःला ५४० व त्याला २८०, किंवा स्वतःला ४८० व त्याला ८०. पहिला पर्याय सहकारी वृत्तीचे लोक घेतात, दुसरा स्वतःपुरते पाहणारे. तिसरा घेणारा स्वतःच्या ६० गुणांवर पाणी सोडतो, कारण त्याला मिळकत नको, आघाडी हवी. असे लोक बहुतेक पाहण्यांत सर्वांत कमी आढळतात. ‘स्पर्धा हाच मनुष्यस्वभाव’ असे ठामपणे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

मनोविश्लेषक कॅरन हॉर्नाय यांनी १९३७ मध्येच अतिस्पर्धावृत्तीचे वर्णन केले : गरज नसतानाही सतत स्वतःला इतरांशी मोजत राहणे आणि हरण्यात आपली किंमत गेली असे वाटणे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रिकमन व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तिच्या मोजमापासाठी प्रश्नावली केली. पुढे १९९६ मध्ये त्यांनी स्वविकासासाठीची स्पर्धावृत्ती वेगळी मोजली. या वृत्तीच्या माणसाला तगडा प्रतिस्पर्धी हवासा वाटतो, कारण त्याच्यामुळे आपला कस लागतो. स्वभाव पाच मुख्य गुणांत मांडणाऱ्या पंचघटक व्यक्तिमत्त्व सिद्धांतानुसार मिळतेजुळते घेणाऱ्यांत चुरशीची ओढ कमी दिसते. सतत घाईत व ईर्षेत असणाऱ्या ‘अ’ प्रकारच्या व्यक्तिमत्त्वाचा हृदयविकाराशी जोडलेला संबंध मात्र नंतर बराच सैल झाला. त्यातला वैरभाव अधिक घातक मानला गेला.

स्वभावाचे हे कप्पे काटेकोर नाहीत. प्रसंग, प्रतिस्पर्ध्याशी असलेले नाते आणि पणाला काय लागले आहे, यांवर वागणे बदलते. टोकियो ऑलिंपिकच्या उंच उडीत (२०२१) मुताझ बर्शिम व जानमार्को तांबेरी २.३७ मीटरवर बरोबरीत राहिले. निर्णायक उडी टाळून या दोघा मित्रांनी सुवर्ण वाटून घेतले. पॅरिसमध्ये (२०२४) २.३६ मीटरवर बरोबरी झाल्यावर हॅमिश कर व शेल्बी मॅक्युएन यांनी मात्र निर्णायक उड्या मारण्याचे ठरवले आणि हॅमिश कर यांनी २.३४ मीटर पार करून सुवर्ण मिळवले. वाटून घेण्याची मुभा दोन्ही वेळी होती.