तिकिटातली करी, वेगळ्या बिलाची करी

पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीचं 'अझ्युरा' हे जहाज एप्रिल २०१० मध्ये सेवेत आलं. त्यावर 'सिंधू' नावाचं भारतीय रेस्तराँ होतं आणि ते सुरू करताना कंपनीने नाव घेतलं अतुल कोच्चर यांचं. २००१ मध्ये मिशेलिन तारा हा रेस्तराँच्या जगातला मानाचा दर्जा मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय शेफमध्ये त्यांची गणना होते. क्रूझच्या तिकिटात तिन्ही वेळचं जेवण धरलेलं असतं. 'सिंधू'त बसायचं तर वर पैसे मोजायचे. गंमत अशी, की याच कंपनीच्या बोटींवर दुपारच्या जेवणाला करी-भात पिढ्यान् पिढ्या मिळत आला होता आणि त्याचं वेगळं बिल कोणी कधी फाडलं नव्हतं.

बोटीवरच्या जेवणाचे रिवाज बहुतेक याच वाटेने गेले आहेत. आधी अडचणीतून एखादी सवय पडते. मग तिला मान मिळतो, ती 'परंपरा' होते. पुढे खर्चाकडे बोट दाखवून तिला कात्री लागते आणि काही वर्षांनी तीच गोष्ट जादा दराने परत विकायला ठेवली जाते.

करी बोटीवर चढली ती माणसांबरोबर. पी अँड ओच्या हिंदुस्थानकडे येणाऱ्या बोटींवर अधिकारी गोरे असले, तरी अंगमेहनत करणारी बहुतेक माणसं इकडचीच. डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे खलाशी, त्यांच्यावर मुकादम म्हणून सारंग आणि तांडेल. इंजिनखान्यात कोळसा लोटायला पंजाब आणि सरहद्दीकडचे लोक. भटारखान्यात आणि जेवणाच्या सलूनमध्ये मात्र गोवेकर. त्याचं कारण अगदी रोखठोक होतं: गोव्याचे ख्रिस्ती लोक गोमांसही शिजवत, डुकराचं मांसही, आणि दारूचे ग्लास भरतानाही त्यांना धर्म आडवा येत नसे. मुंबईत धोबीतलाव आणि माझगावच्या बाजूला या तारवटींच्या, म्हणजे बोटीवरच्या गोवेकरांच्या, गावागावांच्या 'कुडी' (सामायिक बिऱ्हाडं) असत. दोन बोटींच्या मधले दिवस तिथे काढायचे, ट्रंक तिथेच ठेवायची आणि नवी बोट मिळाली की निघायचं.

खलाशांचा स्वयंपाक साहेबांच्या भटारखान्यात होत नसे. त्यांची चूल वेगळी, आणि त्यांच्या स्वयंपाक्याला बोटीवर भंडारी म्हणत. भात, डाळ, सुकी मासळी, तूप, मसाला असा त्यांचा शिधा. म्हणजे एकाच बोटीवर दोन करी शिजत. एक भंडाऱ्याच्या पातेल्यात, पोट भरण्यापुरती. दुसरी गोवेकर आचाऱ्याच्या हातची, वरच्या वर्गाच्या मेनूकार्डावर छापलेली. हिंदुस्थानात नोकरी करून विलायतेला परतणाऱ्या साहेबाला ती लागायची, आणि पहिल्यांदाच इकडे येणाऱ्याची जीभ बंदर लागण्याआधीच तयार व्हायची.

ज्या सलूनमध्ये ती करी वाढली जाई, तिथला थाटही अडचणीतूनच आलेला. पंगतीसारखी लांबच लांब टेबलं, जमिनीला बोल्टने पक्क्या केलेल्या फिरत्या खुर्च्या, आणि समुद्र खवळला की बशा खाली येऊ नयेत म्हणून टेबलाच्या काठाने बसवायच्या लाकडी पट्ट्या. टेबलावरची चादर ओली केली की भांडी कमी घसरतात, ही युक्तीही त्यातलीच. तांबड्या समुद्राच्या उकाड्यात छताला टांगलेले पंखे दोरीने ओढायला माणसं बसवलेली असत. शीतपेट्या नव्हत्या तोवर कोंबड्या, मेंढ्या आणि दुधासाठी गाय हे सगळं जिवंतच बोटीवर चढवावं लागे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत बर्फघरं आली आणि डेकवरचा गोठा गेला. पी अँड ओच्या सुरुवातीच्या काळात वाइन आणि बिअरही तिकिटातच असे. आज 'ड्रिंक्स पॅकेज' म्हणून जे महागडं पाकीट विकलं जातं, त्याची ही मूळ आवृत्ती.

वेगळं बिल लावणारं रेस्तराँ ही मात्र आजकालची टूम नाही. हँबर्ग-अमेरिका कंपनीच्या 'अमेरिका' या जहाजावर १९०५ मध्येच रिट्झ-कार्ल्टन नावाने असं रेस्तराँ उघडलं होतं, आणि त्यामागे हॉटेलवाले सेझार रिट्झ आणि शेफ ऑग्युस्त एस्कोफिए ही त्या काळची सगळ्यात मोठी नावं होती. १९१२ च्या 'टायटॅनिक'वरही तशी सोय होती, आणि पूर्ण प्रवासात तिथेच जेवणाऱ्याला तिकिटात थोडी सूट मिळे. हल्लीच्या कंपन्या जेवण तिकिटात धरतात आणि रेस्तराँचेही पैसे घेतात. सूट तेवढी विसरल्या.

या बोटी तेव्हा माणसं पोचवायच्या. समुद्रावर नुसतं हिंडणं हा जोडधंदा होता. पी अँड ओने १९०४ मध्ये 'रोम' नावाची आपली जुनी बोट 'व्हेक्टिस' या नावाने खास सहलींसाठी काढली, पण कंपनीची मुख्य कमाई टपालाची आणि प्रवासी वाहतुकीचीच. मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्याला बोट लागायची आणि टपाल आगगाडीने पुढे जायचं, असा तो जमाना. मग १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये अटलांटिकवर जेट विमानं सुरू झाली. इकडे सुएझ कालवा १९६७ ला बंद पडला तो १९७५ पर्यंत. त्या काळात मुंबईहून विलायतेला बोटीने जाणं संपल्यातच जमा झालं.

उरलेल्या जहाजांनी पोटापाण्यासाठी सहलींचा धंदा धरला. १९६१ च्या 'कॅनबेरा'वर पहिल्या वर्गाला 'पॅसिफिक' आणि टूरिस्ट वर्गाला 'अटलांटिक' अशी दोन रेस्तराँ होती. सत्तरच्या दशकात वर्ग मोडून जहाज सगळ्यांना सारखं केलं, तरी भिंती जिथे होत्या तिथेच राहिल्या. आपण ज्याला क्रूझची अस्सल परंपरा समजतो, ती याच काळात घट्ट झाली. सगळे प्रवासी एका वेळी मावत नसत, म्हणून संध्याकाळी साडेसहा आणि साडेआठच्या सुमारास दोन पंगती. सगळी सफरभर तेच टेबल, तेच अनोळखी सोबती, तोच वाढपी. तिसऱ्या दिवसापर्यंत त्याला तुम्हाला चहा किती साखरेचा लागतो हे पाठ झालेलं असे, आणि शेवटच्या रात्री त्याच्या हातात बक्षिसीचं पाकीट. कप्तानाच्या टेबलावर बोलावणं येणं हा मान. ठरावीक रात्री काळा सूट आणि लांब झगा. शेवटच्या काही दिवसांत दिवे मालवून, आईस्क्रीमवर पेटत्या ज्वाळा घेऊन वाढप्यांची मिरवणूक निघे, तिला 'बेक्ड अलास्का परेड' म्हणत. आणि मध्यरात्रीचा बुफे: बर्फाचे हंस, कलिंगडात कोरलेले चेहरे, आणि आधी फोटो काढायला म्हणून दारं उघडलेली. मला विचाराल तर त्यातलं निम्मं खाणं फेकूनच जात असणार.

या गोष्टी एकेक करून गेल्या, आणि प्रत्येकीचं कारण निराळं. समुद्रात कचरा टाकण्यावरचे आंतरराष्ट्रीय नियम डिसेंबर १९८८ पासून लागू झाले आणि प्लास्टिकला पूर्ण बंदी आली. डेकवरून मातीच्या तबकड्या उडवून नेम धरण्याचा आणि गोल्फचे चेंडू समुद्रात मारण्याचा खेळ त्यानंतर आटला. निघताना धक्क्यावरच्या माणसांकडे फेकायच्या कागदी फिती कचरा होतो म्हणून बंद पडल्या. परेडमधल्या खऱ्या ज्वाळांची जागा बॅटरीच्या दिव्यांनी घेतली, कारण जहाजाला आगीइतकी भीती कशाचीच नसते. मध्यरात्रीचा बुफे मात्र निव्वळ खर्चापायी गेला.

मोठा धक्का बसला तो २००० मध्ये. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 'फ्रीस्टाइल' नावाने ठरलेलं टेबल, ठरलेली वेळ आणि सुटाबुटाची सक्ती काढून टाकली. कुठेही, केव्हाही जेवा. बाकीच्या कंपन्यांनी थोड्याफार फरकाने तेच केलं. पण रिवाज मोडणं नेहमी पचत नाही. रॉयल कॅरिबियनने २०१४ मध्ये 'क्वांटम ऑफ द सीज' आणलं, तेव्हा एकच मोठा भोजनकक्ष न ठेवता तिकिटातलीच चार छोटी रेस्तराँ केली आणि रोज वेगळीकडे जेवा म्हणून सांगितलं. लोक वैतागले. आधीपासून जागा राखून ठेवायची आणि वाढपी रोज नवा. दोनेक वर्षांत कंपनीने ती व्यवस्था गुंडाळली आणि जुनी पद्धत परत आणली. पाहुण्याला चार रेस्तराँपेक्षा आपलं नाव माहीत असलेला एक वाढपी प्यारा असतो, हे हिशेबात कुठेच धरलेलं नव्हतं.

आजारपणानेही ताटं बदलली. २००२ च्या उत्तरार्धात अमेरिकेतून सुटणाऱ्या अनेक जहाजांवर नोरोव्हायरसने उलट्या-जुलाबांची साथ आली. तेव्हापासून भोजनकक्षाच्या दारात हात निर्जंतुक करायचं द्रव्य आलं, आणि काही कंपन्यांनी सफरीचे पहिले दोन दिवस बुफेतला वाढायचा डाव प्रवाशाच्या हातात देणं बंद केलं. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला अडकलेल्या 'डायमंड प्रिन्सेस'वर ३,७११ माणसं होती, त्यांपैकी ७१२ जणांना कोरोनाची लागण झाली. प्रवासी खोल्यांत कोंडलेले आणि त्यांच्या दारात जेवणाचे ट्रे पोचवणारे कर्मचारी मात्र एकमेकांच्या अंगाला अंग लावून काम करणारे. त्यांत सव्वाशेहून जास्त भारतीय होते. त्या साथीनंतर सफरीच्या सुरुवातीची लाइफ जॅकेट घालून एकत्र उभं राहण्याची कवायतही बऱ्याच जहाजांवर फोनवर आली: व्हिडिओ बघा, आपल्या ठिकाणी जाऊन हजेरी लावा, झालं.

पी अँड ओच्या २०२१ मध्ये धावू लागलेल्या 'आयोना'वर ठरलेल्या वेळेची पंगतच नाही. बक्षिसीची आपोआप कापली जाणारी रक्कमही कंपनीने २०१९ पासून काढून टाकली, तिकिटातच धरली. पाकिटाची ती अवघडलेली शेवटची रात्र त्याबरोबर संपली.

मुंबईपुरतं बोलायचं तर कोकण बोटींच्या डेकवर शिदोरी ज्याची त्याची असे. क्रूझचं जेवण इथे अलीकडचं. 'आंग्रिया' ही क्रूझ बोट २०१८ मध्ये मुंबई-गोवा धावू लागली. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीने 'एम्प्रेस' आणलं. हे जहाज १९९० चं, रॉयल कॅरिबियनने 'नॉर्डिक एम्प्रेस' नावाने अमेरिकी लोकांच्या तीन-चार रात्रींच्या सफरींसाठी काढलेलं. तिथे मध्यरात्रीच्या बुफेचे दिवस पाहिलेल्या जहाजावर आज जैन जेवणाची जाहिरात होते, आणि हे जेवण तिकिटातच आहे. चायनीज-थाय खायचं असेल, तर त्या रेस्तराँचं बिल वेगळं.