घरात कुणालाच नव्हता, मग हिला ओव्हरीचा कॅन्सर कसा झाला?

हा प्रश्न खूप घरांत विचारला जातो आणि त्याचं सरळ उत्तर असं की हा कॅन्सर बहुतेक बायकांना वारशाने आलेलाच नसतो. पण वारशाने नाही म्हणजे जीन्सचा संबंध नाही, असं मात्र अजिबात नाही.

१९७१ मध्ये अमेरिकन संशोधक आल्फ्रेड नडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्याच्या कॅन्सरच्या ४८ केसेस बघून मांडलं की तो व्हायला दोन बिघाड लागतात. पुढे कळलं की पेशीची वाढ आवरणाऱ्या जीनच्या दोन कॉपी असतात, दोन्ही गेल्या की कॅन्सर होतो. वारसा असेल तर एक कॉपी जन्मापासूनच खराब, नसेल तर दोन्ही एकाच पेशीत आयुष्यात कधीतरी बिघडाव्या लागतात, म्हणून वेळ लागतो.

पी५३ या जीनची (टीपी५३ हे त्याचंच नाव) तर गंमतच, १९७९ ला सापडला आणि दहा वर्षं लोक त्याला कॅन्सर करणारा जीन समजत होते, १९८९ ला अमेरिकन संशोधक व्होगेलस्टाइन यांच्या लॅबने आतड्याच्या कॅन्सरवर काम करून दाखवलं की हा तर कॅन्सर अडवणारा आहे!

मग १९९४ ला ब्रॅका१ सापडला, म्हणजे १७ नंबरच्या क्रोमोसोमवरचा असा जीन जो वारशाने बिघडलेला आला तर ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. वारसा नसलेल्या ओव्हरीच्या ट्यूमरमध्येही १७ नंबरच्या क्रोमोसोमचा तोच भाग बऱ्याचदा गायब असायचा, त्यामुळे सगळ्यांना वाटलं इथेही ब्रॅका१ च बिघडलेला असणार, पण शोधायला गेले तर म्युटेशन (जीनच्या अक्षरांतला बदल) फार थोड्या ट्यूमरमध्ये मिळालं. नंतर कळलं की काही ट्यूमरमध्ये जीन धडधाकट असतो, फक्त त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइलचे रेणू चिकटून तो गप्प झालेला असतो. मला या सगळ्या इतिहासातला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण अक्षरं जशीच्या तशी असतात म्हणून नेहमीच्या म्युटेशन टेस्टमध्ये हे दिसतच नाही.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम अॅटलस या प्रकल्पाने ओव्हरीच्या कॅन्सरच्या हाय ग्रेड सीरस या प्रकाराचे ४८९ ट्यूमर तपासले, त्यातल्या ३१६ ट्यूमरच्या जीन्सची अक्षरं वाचली आणि त्यांतल्या ९६ टक्क्यांत टीपी५३ बिघडलेला निघाला, वारसा असो वा नसो. ओव्हरीच्याच कॅन्सरच्या क्लिअर सेल प्रकाराचं वेगळंच, तिथे २०१० ला एआरआयडी१ए नावाचा जीन बिघडलेला सापडला, आणि तोच बिघाड काही जणींच्या ट्यूमरशेजारच्या एंडोमेट्रिओसिसमध्येही (गर्भाशयाच्या अस्तरासारखा, पण गर्भाशयाबाहेर वाढलेला भाग) दिसला.

ब्रॅकाचं म्युटेशन कधी कधी फक्त ट्यूमरमध्येच असतं, रक्ताच्या रिपोर्टमध्ये ते येत नाही, आणि तरी ब्रॅका बिघडलेल्या कॅन्सरवर देतात त्या ओलापरिबसारख्या गोळ्यांचा उपयोग होऊ शकतो. म्हणून ब्लड टेस्ट निगेटिव्ह आली तरी ऑपरेशनमध्ये काढून जपून ठेवलेल्या ट्यूमरच्या तुकड्यावरची (ब्लॉकवरची) टेस्ट करायची का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.