तिमगाद पाहायला निघण्यापूर्वी : आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

अल्जीरियातल्या बात्ना शहरातून सकाळी नाश्ता उरकून आपण पूर्वेला निघू. ३५-४० किलोमीटरवर, ओरेस डोंगरांच्या पायथ्याशी तिमगाद आहे. रोमन सम्राट त्राजान याने इ.स. १०० मध्ये निवृत्त सैनिकांसाठी ही वसाहत उभारली. आधी इथे गाव नव्हते. मोकळ्या माळावर आखणी झाली : प्रत्येक बाजू सुमारे साडेतीनशे मीटर, आत काटकोनात छेदणारे रस्ते. पुढे वस्ती वाढली, तटाबाहेर गेली आणि तिथले रस्ते मात्र मन मानेल तसे वळले. नकाशावर हा फरक लगेच डोळ्यांत भरतो, म्हणून नकाशा हातात ठेवा.

बहुतेक मंडळी त्राजानच्या कमानीपाशी फोटो काढण्यात रमतात. कमान आहेच देखणी. पण तिच्याखालून जाणाऱ्या रस्त्याकडे जरा वाकून बघा. फरसबंदीत गाड्यांच्या चाकोऱ्या खोल उतरल्या आहेत. ग्रंथालयही चुकवू नका. रोगातियानुस नावाच्या धनिकाने मृत्युपत्रात चार लाख सेस्टर्शियस (रोमन नाणी) ठेवले, त्यातून ते बांधले गेले. अर्धवर्तुळाकार दालनाच्या भिंतीत गुंडाळ्या ठेवायचे कोनाडे आहेत. शहराच्या मुख्य चौकाच्या (फोरमच्या) फरशीवर खेळाचा पट कोरलेला आहे आणि त्यातच लॅटिनमध्ये लिहिले आहे : शिकार, स्नान, खेळ, हसणे, हेच जगणे. निवृत्तीचा बेत झकासच म्हणायचा! जवळच्या सार्वजनिक शौचालयात दोन बैठकांमध्ये दगडी डॉल्फिन आहेत; आमच्याकडे सर्वाधिक प्रश्न त्यांच्याबद्दलच येतात. नाट्यगृह टेकडीत खोदलेले असून तिथे साडेतीन हजार माणसे बसत.

पाचव्या शतकात वँडल या जर्मानिक टोळीचा अंमल आला, नंतर डोंगरातल्या टोळ्यांनी शहर उद्ध्वस्त केले. ५३९ मध्ये बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) सैन्याने दक्षिणेला किल्ला बांधला, तोही शहराचेच दगड काढून. पुढे वस्ती उठली आणि सगळे वाळूमातीखाली गेले. १७६५ मध्ये जेम्स ब्रूस हा स्कॉटिश प्रवासी इथे पोहोचला. फ्रेंचांनी १८८१ पासून उत्खनन केले. १९८२ पासून हे युनेस्कोचे जागतिक वारसास्थळ आहे.

सावली जवळजवळ नाही. टोपी, पाणी आणि न घसरणारे बूट हवेतच, चपला नकोत. उंचीमुळे हिवाळ्यात गारठा असतो, स्वेटर घ्या. गुडघ्यांचा त्रास असेल तर नाट्यगृहाच्या पायऱ्या खालूनच पाहा. चांगली मोझेक (रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रे) प्रवेशद्वाराजवळच्या संग्रहालयात आहेत, तिकडे आपण परतताना जाऊ. आणि एक विनंती : आठवण म्हणून दगडाचा तुकडासुद्धा खिशात टाकू नका.