संभाव्य मतदारांची राज्यव्यापी चाचणी (अमेरिका)

अमेरिकेत निवडणुकीआधी एखाद्या राज्यातले जे लोक खरोखर मतदानाला उतरतील असे वाटते, तेवढ्यांचाच कौल अजमावणारे सर्वेक्षण. अध्यक्षपदाचा निकाल राज्यवार मिळणाऱ्या इलेक्टोरल मतांवर (प्रत्येक राज्याला ठरवून दिलेल्या निर्वाचक मतांवर) ठरत असल्याने देशभराच्या आकड्यापेक्षा चुरशीच्या राज्यांतल्या या चाचण्यांकडे अधिक लक्ष असते. विद्यापीठे, वृत्तपत्रे आणि खासगी संस्था त्या घेतात.

पूर्वी वाटेल ते फोन क्रमांक जुळवून नमुना काढत. आता अनेक संस्था मतदार यादीतूनच नावे उचलतात. तिथल्या यादीत कोणी कोणत्या निवडणुकीत मतदान केले याची नोंद असते, मत कोणाला दिले याची अर्थातच नसते. (आपल्याकडच्या यादीत यातले काहीच सापडत नाही.) शंभर क्रमांक फिरवले तर जेमतेम एक-दोघे पूर्ण मुलाखत देतात. मग वय, वंश, लिंग, शिक्षण यांनुसार उत्तरांना कमी-अधिक भार देऊन नमुना राज्याच्या लोकसंख्येशी जुळवतात. 2016 मध्ये बऱ्याच राज्य चाचण्यांनी शिक्षणाचा भार दिलाच नव्हता. पदवीधर फोनवर जास्त बोलतात, त्यामुळे डेमोक्रॅटिक उमेदवार हिलरी क्लिंटन यांचे आकडे फुगले.

खरी मेख पुढे आहे. मत देणार का, असे विचारले की बहुतेक जण हो म्हणतात, आणि त्यातले बरेच घरी बसतात. गॅलप या सर्वेक्षण संस्थेने म्हणून आडून प्रश्न विचारायला सुरुवात केली: मतदान केंद्र कुठे आहे ठाऊक आहे का, मागच्या वेळी मत दिले होते का, निवडणुकीचा कितपत विचार केला. उत्तरांना गुण देऊन खालच्यांना वगळायचे. काही संस्था कोणालाच वगळत नाहीत. यादीतल्या इतिहासावरून प्रत्येकाची मतदानाची शक्यता काढून तेवढेच त्याचे मत मोजतात.

यात सर्वेक्षकाचा स्वतःचा अंदाज किती मिसळतो, हे फ्लोरिडात दिसले. सप्टेंबर 2016 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तिथल्या 867 मतदारांची तीच उत्तरे चार वेगळ्या सर्वेक्षक गटांना दिली. एकाने ट्रम्प 1 टक्क्याने पुढे दाखवले, तर दुसऱ्याने क्लिंटन 4 टक्क्यांनी.

आयोवा राज्यातल्या सर्वेक्षक अॅन सेल्झर मात्र मतदानाचा जुना इतिहास फारसा न पाहता, मतदानाच्या दिवसाआधीच मत देऊन झालेले किंवा नक्की देणार म्हणणारे यांनाच धरत. 2016 आणि 2020 मध्ये त्यांचे अंदाज इतरांपेक्षा खूप जवळ गेले, म्हणून त्यांचा दबदबा. 2024 मध्ये त्यांच्या शेवटच्या चाचणीत डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस 3 टक्क्यांनी पुढे होत्या. प्रत्यक्षात ट्रम्प सुमारे 13 टक्क्यांनी जिंकले. सोबत छापलेली त्रुटीची मर्यादा ±3.4 टक्के होती. ही मर्यादा फक्त नमुना निवडीतल्या योगायोगाची असते. दोन उमेदवारांतल्या आघाडीला लावायची तर ती जवळपास दुप्पट धरावी लागते, आणि मतदानाला कोण येईल याचा अंदाज चुकला तर ती चूक त्या आकड्यात मोजलेलीच नसते.