मध पाण्यात बुडतो, म्हणून तो शुद्ध ठरत नाही

‘पेलाभर पाण्यात मधाचा थेंब टाका, तो सरळ तळाशी गेला तर मध अस्सल, वाटेतच पसरला तर भेसळीचा’ हा मजकूर वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. निरीक्षण खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

थेंब बुडतो तो घनतेमुळे. एक लिटर पाण्याचे वस्तुमान सुमारे १ किलो, तर तेवढ्याच मधाचे सुमारे १.४ किलो भरते, कारण मधात पाणी साधारणपणे पाचव्या हिश्श्याहून कमी आणि उरलेली बहुतांश साखर असते. भेसळ होते ती मात्र ऊस किंवा तांदळापासून केलेल्या घट्ट पाकाची, आणि त्यातही साखर भरपूर असल्याने त्याची घनता मधाच्या जवळपासच येते.

हे घरीही पडताळता येते. साखरेचा दोनतारी पाक थंड करून त्याचा थेंब पाण्यात सोडा. तोही तळ गाठतो. एकच लहान बाटली आधी पाण्याने, मग मधाने, मग पाकाने काठोकाठ भरून वजन करा, रिकाम्या बाटलीचे वजन वजा करा आणि पाण्याच्या वजनाने भागा. मधाचे उत्तर १.४ च्या आसपास, तर पाकाचे १.३ च्या पुढे येईल. फार तर मध पातळ केला आहे का, एवढे यातून कळेल. उसाच्या साखरेची भेसळ प्रयोगशाळेत कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे कार्बनच्याच वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंच्या प्रमाणावरून, ओळखली जाते. तांदळाचा पाक त्या चाचणीलाही चकवतो, म्हणून त्यासाठी वेगळ्या चाचण्या कराव्या लागतात.