‘लहानपणी काय वाजवायचा!’ : एका उद्गाराची पार्श्वभूमी

पावसाळा संपता संपता ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पियानोची छोटी मैफल ऐकली. साठेक खुर्च्या आणि भिंतीला लावलेला जुना अपराइट पियानो. खाडीकाठच्या दमट हवेत हे वाद्य फार दिवस सुरात राहत नाही, म्हणून सकाळीच ट्यूनर येऊन गेला होता. वाजवणारा पस्तिशीचा. शाळकरी वयात ‘छोटा जादूगार’ म्हणून त्याचे बरेच नाव झाले होते. जमलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी तेव्हा त्याला ऐकलेले होते. मीही त्यांत होतो.

मध्यंतरात चहाच्या टेबलाशी जे बोलणे चालले होते, त्यावरून हे टिपण सुचले. एक काका म्हणाले, “लहानपणी काय वाजवायचा हो! पाय पेडलला पुरत नव्हते, पण बोटं अशी पळायची की बघत राहावं. आता छान वाजवतो, पण ती मजा नाही.” शेजारच्या काकूंचे मत वेगळे होते. “छे, तेव्हा नुसती घाई होती. आता कुठे वाजवायला लागलाय.” तिसरे एक जण जरा नाराज होते, कारण त्याने शूमान या जर्मन संगीतकाराचे ‘ट्रॉयमराय’ वाजवले होते. “हे तर आमची मुलगी ग्रेडच्या परीक्षेला वाजवते,” असे त्यांचे म्हणणे.

तिघेही मनापासून ऐकणारे. पण तिघांच्याही बोलण्यात समोरच्या माणसाच्या शेजारी त्याचे दहा वर्षांचे रूप बसलेले होते. ही सवय ठाणेकरांची नव्हे. ती अडीचशे वर्षांहून जुनी आहे, आणि ती श्रोत्यांना लावण्यात आली, असे माझे मत आहे.

सुरुवात मोझार्टपासून करावी लागते. त्याचा जन्म १७५६ चा, बहीण नानर्ल पाच वर्षांनी मोठी. वडील लिओपोल्ड दोघांना घेऊन युरोपभर फिरले आणि १७६४ मध्ये लंडनला पोहोचले. तेव्हा पियानो नुकता कुठे रुळू लागला होता, मुले वाजवत ती मुख्यतः हार्प्सिकॉर्ड या पियानोआधीच्या पट्ट्यांच्या वाद्यावर. जाहिरातींमध्ये संगीताइतकेच, किंबहुना जास्तच, वय असे. मुले पट्ट्यांवर रुमाल अंथरून वाजवून दाखवतील, कोणीही यावे आणि परीक्षा घ्यावी, असे आवाहन असे. तिकीट आधी अर्धी गिनी, म्हणजे साडेदहा शिलिंग होते, पुढे पाच शिलिंगांवर आले, आणि १७६५ च्या उन्हाळ्यात एका खानावळीत अडीच शिलिंगांवर. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. वाजवणे बिघडले नव्हते, उलट सुधारतच होते. उतरले होते ते लोकांचे नवल.

त्याच वर्षी डेन्स बॅरिंग्टन नावाच्या गृहस्थांनी त्याची रीतसर परीक्षा घेतली. कधी न पाहिलेले लेखन समोर ठेवले, आयत्या वेळी प्रेमाचे आणि रागाचे गाणे रचायला लावले. मुलगा खरेच मूल आहे का, ही शंका त्यांना होती, म्हणून त्यांनी जन्मनोंदीचा पुरावाही मिळवला. त्यांचा अहवाल १७७० मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. वाजवता वाजवता मांजर आले, तसा हा हार्प्सिकॉर्ड सोडून तिच्यामागे गेला आणि बराच वेळ परत येईना, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. बॅरिंग्टन भले गृहस्थ होते, पण ऐकण्याच्या कामात जन्मदाखला पहिल्यांदा पुरावा म्हणून आला तो असा.

मग १७७८. मोझार्ट बावीस वर्षांचा होऊन पुन्हा पॅरिसला आला. लहानपणी ज्या शहराने त्याला मांडीवर घेतले होते, तिथेच एका सरदारणीकडे त्याला थंडगार खोलीत ताटकळत ठेवले गेले. शेवटी वाजवायला सांगितले ते एका भिकार वाद्यावर, आणि जमलेली मंडळी चित्रे काढण्यात गुंग राहिली. टेबल-खुर्च्यांना आणि भिंतींना वाजवून दाखवावे लागले, असे त्याने १ मेच्या पत्रात वडिलांना कळवले. बोटे गारठलेली, डोके दुखत असलेले. ज्याच्या जन्मनोंदी तपासल्या गेल्या होत्या, त्याच्या वाजवण्याकडे आता कोणी मान वर करून पाहत नव्हते.

याच वर्षी कलोनमध्ये एका दुसऱ्या बापाने आपला मुलगा सहा वर्षांचा असल्याचे जाहीर करून त्याला लोकांपुढे बसवले. मुलगा सात वर्षांचा होता, नाव लुडविग फान बेथोवेन.

पियानोवादक क्लारा वीक, म्हणजे पुढची क्लारा शूमान, हिच्याबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवे, कारण ठाण्यातला तो ‘ट्रॉयमराय’ तिच्यामुळेच जन्मला. जन्म १८१९, लाइपझिग. नऊ वर्षांची असताना ती तिथल्या गेवांडहाउस सभागृहात पहिल्यांदा लोकांसमोर बसली. वडील फ्रीडरिश वीक हेच गुरू, हेच व्यवस्थापक. तिची रोजनिशीही तेच लिहीत, आणि ‘मी’ म्हणून लिहीत. म्हणजे मुलीच्या वहीत मुलीचा ‘मी’ बापाच्या हातचा. मैफलीला दाद कशी मिळाली हेही त्या ‘मी’नेच लिहायचे.

अशी मुलगी पुढे मावळते, असा सर्वसाधारण अनुभव. क्लारा मावळली नाही. १८३७-३८ च्या हिवाळ्यात ती व्हिएन्नाला गेली तेव्हा अठरा वर्षांची होती. तिने बेथोवेनचा एफ मायनर सोनाटा (अनेक भागांची रचना) वाजवला आणि ग्रिलपार्झर या नाटककाराने त्यावर कविता लिहिली. दरबाराने तिला मानाचे पद दिले. तिची शेवटची जाहीर मैफल १८९१ मधली, म्हणजे साठ वर्षांहून मोठी कारकीर्द. लोकांपुढे पाठांतराने वाजवण्याची रीत रुजवणाऱ्यांत ती अग्रभागी होती.

रॉबर्ट शूमानने १८३८ च्या मार्चमध्ये तिला लिहिले की, मी तुला कधीकधी लहान मुलासारखा वाटतो असे तू म्हणाली होतीस, त्याच्याच पडसादातून मी तीसेक छोट्या गोष्टी लिहिल्या. त्यांतल्या काही निवडून त्याने ‘किंडरत्सेनेन’, म्हणजे लहानपणाची दृश्ये, ही तेरा तुकड्यांची मालिका केली. सातवा तुकडा ‘ट्रॉयमराय’. हे मुलांनी वाजवायचे संगीत नव्हे, मोठ्या माणसाने मागे वळून पाहिलेले लहानपण आहे. ज्या मुलीचे लहानपण मैफलींत गेले, तिच्या एका वाक्यावरून ते लिहिले गेले. म्हणून ‘आमची मुलगी हे ग्रेडला वाजवते’ हे वाक्य मला लागले. स्वर तिला येत असतील, जरूर यावेत. पण मोझार्टचे सोनाटे मुलांना फार सोपे आणि कलावंतांना फार अवघड, असे पियानोवादक आर्टूर श्नाबेल म्हणत असत, ते इथेही लागू आहे.

नवल विकण्याचा धंदा खऱ्या अर्थाने वाढला तो अमेरिकेत. योसेफ हॉफमान हा क्राकोजवळचा मुलगा १८८७ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये वाजवायला बसला, वय अकरा. शहर वेडे झाले. पुढच्या काही आठवड्यांत त्याच्या चाळीसहून अधिक मैफली झाल्या, तेव्हा बालकांचा छळ थांबवण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेने हस्तक्षेप केला. आल्फ्रेड कॉर्निंग क्लार्क या धनिकाने ५०,००० डॉलर देऊ केले, अट एकच : अठरा वर्षांचा होईपर्यंत मुलाने जाहीर वाजवायचे नाही. कुटुंबाने ती मानली. हॉफमान रशियन पियानोवादक आंतोन रुबिन्श्टाइनकडे शिकला आणि १८९४ मध्ये हॅम्बुर्गला गुरूच्याच संचालनाखाली गुरूचाच कंचेर्तो (वाद्यवृंदासह वाजवायची रचना) वाजवून परतला.

त्या रकमेने श्रोत्यांनाही विसरायला वेळ मिळाला, याचे मला फार मोल वाटते. समोर आला तो मोठा झालेला पियानोवादक होता. रशियन संगीतकार राखमानिनोफने १९०९ चा आपला तिसरा कंचेर्तो त्याला अर्पण केला. हॉफमानने तो कधीच वाजवला नाही. त्याचे हात लहान होते, श्टाइनवे कंपनीने त्याच्यासाठी किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवले होते.

पियानोवादक एर्विन न्यिरेजहाझीला असे कोणी भेटले नाही. जन्म १९०३, बुडापेस्ट. गेझा रेवेस या मानसशास्त्रज्ञाने त्याचा लहानपणीच काही वर्षे अभ्यास केला आणि १९१६ मध्ये त्यावर पुस्तक काढले. १९२० मध्ये तो अमेरिकेला गेला, सुरुवातीला गाजला, मग व्यवस्थापकाशी भांडण, कर्ज, स्वस्त हॉटेलांच्या खोल्या. लग्ने दहा झाली. वर्षानुवर्षे घरात पियानो नव्हता. मधे १९३५ मध्ये संगीतकार शोनबर्गने त्याला ऐकले आणि असे वाजवणे पूर्वी कधी ऐकले नव्हते, अशा अर्थाचे पत्र वाद्यवृंद-संचालक क्लेम्पररला लिहिले. पण तेवढ्याने दिवस पालटले नाहीत.

१९७३ मध्ये आजारी पत्नीच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून सत्तरीचा न्यिरेजहाझी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका जुन्या चर्चमध्ये वाजवायला बसला. श्रोत्यांपैकी एकाने कॅसेट रेकॉर्डरवर ते टिपले. त्यातल्या लिस्ट या एकोणिसाव्या शतकातल्या पियानोवादक-संगीतकाराच्या दोन ‘लेजंड’ (संतकथांवरच्या रचना) पुढे रेकॉर्डवर आल्या आणि श्रोत्यांत उभी फूट पडली. काहींना वाटले, लिस्टच परत आला : खालच्या सप्तकातला तो गडगडाट, तो सावकाश चढत जाणारा जोर. इतरांना ऐकू आले चुकीचे स्वर, मनमानी लय, सरावाशिवाय वाजणारी बोटे. मी ते रेकॉर्डिंग अनेकदा ऐकले आहे. चुका आहेतच, भरपूर आहेत. तरी संत फ्रान्सिस लाटांवरून चालत जातो तो भाग लागला की मी हातातले काम ठेवतो. पण हेही कबूल केले पाहिजे की, बुडापेस्टचा मुलगा आणि हॉटेलातला म्हातारा ही कहाणी माहीत नसती, तर मी कसे ऐकले असते, हे मला सांगता येणार नाही.

अशा मुलांची गर्दी पियानोभोवतीच का, याचे एक साधे कारण वाद्यात आहे. पेटीसारखाच इथे स्वर तयार मिळतो. व्हायोलिनवर किंवा गळ्यात सूर शोधावा लागतो, पियानोवर ते काम ट्यूनरने सकाळीच केलेले असते. राहते ते बोटांचे आणि स्मरणाचे काम, आणि त्या दोन्हींत मुले विलक्षण तेज असतात. शिवाय गाणाऱ्या मुलाचा आवाज फुटतो, तेव्हा आता हा वेगळा गवय्या होणार, हे श्रोत्यांना आपोआप कळते. पियानोवर असा आवाज फुटत नाही. तेच वाद्य, तेच स्वर, फक्त स्टूलवरचा माणूस उंच झालेला. त्यामुळे तुलना सुटत नाही.

आपल्याकडची जी उदाहरणे मला चटकन आठवतात ती गळ्याची, म्हणून थोडी वेगळी. शिवपुत्र कोमकाळीमठ सात वर्षांचा असताना ‘कुमार गंधर्व’ ठरला. मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी तो हुबेहूब गाऊन दाखवी आणि १९३६ मध्ये मुंबईतले जाणकार ते ऐकून थक्क झाले. पुढे गायनगुरू देवधर मास्तरांची तालीम, १९४७ मध्ये क्षय, मग देवासला पाच-सहा वर्षे सक्तीचे मौन. उठल्यावर कुमारांनी जे गायले त्यात नक्कल उरलीच नव्हती, आणि त्यावरून घराघरांत वाद झाले. ‘लहानपणीचा कुमार काय गायचा!’ म्हणणारे वडीलधारे मी स्वतः ऐकले आहेत.

ठाण्याला तर हे घरचेच आहे. ज्यांच्या नावाने महापालिका संगीत महोत्सव भरवते ते पंडित राम मराठे १९३८ च्या ‘गोपाळकृष्ण’ चित्रपटात कृष्ण झाले होते, चौदाव्या वर्षाच्या आत. ते मोहक पोर पडद्यावर पाहिलेल्या लोकांनीच पुढे ‘मंदारमाला’ या संगीत नाटकातले आणि मैफलींतले रामभाऊ ऐकले. त्यांनी पडदा सोडून गाण्याच्या तालमीला वर्षे दिली. ठाणेकरांच्या तोंडी आज नाव येते ते गवय्या रामभाऊंचे, बालकृष्णाचे क्वचितच. म्हणजे श्रोत्यांना हे जमते.

आता त्या मध्यंतरातल्या गप्पांना लागू पडणारा एक प्रयोग. २०११ मध्ये चिया-जुंग त्साय आणि महजरीन बनाजी यांनी संगीताच्या जाणकारांना दोन वादकांच्या ध्वनिफिती ऐकवल्या. एकाची ओळख जन्मजात देणगी असलेला अशी करून दिली, दुसऱ्याची मेहनतीने वर आलेला अशी. खरे तर दोन्ही तुकडे एकाच वादकाच्या एकाच वादनातले होते. आम्ही मेहनतीला जास्त किंमत देतो, असे म्हणणाऱ्या जाणकारांनीही ‘देणगी’वाल्याला जास्त गुण दिले. त्साय स्वतः पियानोवादक आहेत. मला वाटते, बालचमत्कारांच्या बाबतीत आपली चूक हीच होते : आधी आपण देणगीला टाळ्या देतो, आणि तो माणूस वीस वर्षे मेहनत करून आला की देणगी कुठे गेली म्हणून विचारतो.

त्या संध्याकाळी उत्तरार्धानंतर लोकांनी पुन्हा काहीतरी वाजवा म्हटले, आणि त्याने पुन्हा ‘ट्रॉयमराय’च घेतले. ती चाल एकाच पद्धतीने वर चढते, पुन्हा पुन्हा, आणि शेवटच्या वेळी सगळ्यांत भरलेल्या स्वरसमूहावर येऊन थांबते. तिथे तो इतका थांबला की मागच्या भिंतीवरच्या एसीची घरघर ऐकू आली. मग पुढचे स्वर एकेक करून खाली ठेवले. चहाच्या वेळचे काका डोळे मिटून बसले होते.

लोक उठल्यावर ग्रेडवाली मुलगी वडिलांचा हात सोडून पियानोपाशी गेली. “तिथे माझा हात पुरत नाही,” म्हणाली. त्याने स्टूल मागे सरकवून तिला बसवले, उंची जुळवली आणि तो स्वरसमूह खालून वर एकेक बोटाने कसा घ्यायचा ते दाखवले. तिने पाच-सहा वेळा करून पाहिले. वडील काही बोलले नाहीत, खुर्चीच्या पाठीला टेकून ऐकत राहिले. बाहेर वॉचमन दिवे मालवण्यासाठी थांबला होता.